'उंदीर पडणे' : एका घरगुती वाक्प्रयोगाचा इतिहास

जनावर सामान्यतः 'मरते'. प्लेगच्या आठवणींत मात्र उंदीर 'पडतो'. हा भेद केवळ शैलीचा नव्हे. आढ्यावरून वा छपरातून मेलेला उंदीर खाली पडला की घर सोडावयाचे, हा त्या काळचा संकेत होय. एका क्रियापदात लोकांचे निरीक्षण साठून राहिले आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या परिसरात, डॉ. व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपात ओळखला. पुढील वर्षी पुण्यात रँडच्या अधिकाराखाली सोजिरांनी घरे धुंडाळली, रोग्यांना इस्पितळात व आप्तांना विलग छावणीत नेले, सामान जाळले. २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेल्या गोळीबाराची पार्श्वभूमी हीच. या बंदोबस्ताचा सारा रोख माणसावर होता. उंदरावरील पिसवेचा विचार त्यात नव्हता.

ही पिसूच रोग पोहोचविते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. १९०५ नंतर मुंबईतील प्रयोगांनी त्यास पुष्टी मिळाली. उंदीर मरून थंडावला की पिसवा त्यास सोडून दुसरे रक्त शोधतात. म्हणून साथीच्या घरात पिसवांचा नाश न करता नुसते उंदीर मारणे घातक ठरते. आणि उंदीर पडताच घर सोडणाऱ्यांचे अनुमान, कारण अज्ञात असूनही, अचूक ठरते.

सरकारी हुकुमांस जे दिसले नाही, ते घरातील बोलीने नोंदविले होते. साथींच्या इतिहासकाराने अशा बोलीस साधन मानणे म्हणूनच आवश्यक आहे.