काचेच्या कोंबडीचं कूळ

टोपलीवर बसलेली कोंबडी: टोपली म्हणजे भांडं, कोंबडी म्हणजे झाकण. अमेरिकेत जुन्या काचेचा शौक करणारे पिढ्यान् पिढ्या ही भांडी जमवत आले आहेत. हाती आलेलं भांडं कोणत्या कारखान्याचं, हे ठरवणं मात्र कठीण, कारण बहुतेकांवर नावच नसतं.

मूळ घराणं चिनीमातीचं. १८व्या शतकात जर्मनीतल्या माइसेनला आणि लंडनच्या चेल्सीला धनिकांच्या मेजवान्यांसाठी पशुपक्ष्यांच्या आकाराची झाकणाची भांडी घडत. पिलांना पंखांत घेऊन बसलेली चेल्सीची कोंबडी १७५५च्या सुमाराची. साध्या घरांत हे पाखरू उतरलं ते पुढच्या शतकात. अमेरिकन कारखान्यांनी १८२०च्या दशकात वितळलेली काच साच्यात दट्ट्याने दाबण्याचं तंत्र बसवलं, आणि नक्षीकाम स्वस्त झालं. पारदर्शक काचेत पिसं नीट उठून दिसत नाहीत, दुधी काचेत दिसतात. ती दुधी करायला हाडांची राख किंवा ग्रीनलंडहून पेनसिल्व्हेनियात येणारं क्रायोलाइट हे खनिज वापरत.

पिट्सबर्गच्या अ‍ॅटरबरी कंपनीचं बदक मला या साऱ्या कुळाचं भूषण वाटतं. त्याच्या पेटंटची तारीख, १५ मार्च १८८७, तळाशी उठवलेली असते. डोळे वेगळ्या काचेचे, नंतर बसवलेले. पुढच्याच वर्षी त्यांनी रानडुकराच्या मुंडक्याच्या भांड्याचं पेटंट घेतलं. ग्रेपव्हिलच्या वेस्टमोरलंड कारखान्याने अशाच काचेच्या भांड्यांत मोहरीची चटणी भरून विकली. चटणी संपली की भांडं घरात राही.

राजकारणही या टोपलीत शिरलं. १८९८च्या स्पेनविरुद्धच्या युद्धानंतर एक भांडं निघालं. त्यावर कोंबडीऐवजी अमेरिकेचा गरुड पंख पसरून तीन अंड्यांवर बसलेला, अंड्यांवर पोर्तो रिको, क्यूबा आणि फिलिपिन्स अशी नावं, आणि खाली ‘द अमेरिकन हेन’ ही अक्षरं. जिंकलेल्या माणसांच्या भूमी जेवणाच्या टेबलावर अंडी म्हणून मांडल्या गेल्या, हे आज पाहताना अस्वस्थ करतं.

ओळख पटवताना नजर आधी कोंबडीवर जाते, पण मी खालच्या भांड्यापासून सुरुवात करावी म्हणेन. कोंबड्या एकमेकींसारख्या असतात. टोपलीची वीण, कडेचे मणी, बाजूच्या उभ्या पट्ट्या यांत कारखान्याची सवय जास्त दिसते. जेनेट गावच्या मॅकी कारखान्याची काही भांडी सहीसारख्या अक्षरांत नाव दाखवतात. लोरेनमधल्या व्हालेरिस्तालच्या कित्येक भांड्यांवर त्या गावाचं नाव उठवलेलं असतं. झाकण नीट बसतं का, हेही पाहावं. एक फुटलं की उरलेल्याला दुसरीकडचा जोडीदार लावून विकण्याची पद्धत जुनी आहे.

खरी अडचण मात्र साच्यांची. लोखंडी साचा कारखान्याहून दीर्घायुषी असतो. मॅकीचे जुने साचे १९४०च्या दशकात ओहायोच्या केंपल कारखान्याकडे गेले आणि त्यांतून पुन्हा दुधी पाखरं निघाली. वेस्टमोरलंड १९८४मध्ये बंद पडला, त्याचेही साचे विकले गेले. इंडियाना ग्लासची कोंबडी १९३०च्या दशकापासून २००२मध्ये त्या कंपनीचा डंकर्कचा कारखाना बंद होईपर्यंत अनेक रंगांत निघत राहिली. त्यामुळे ‘जुनी’ म्हणून मिळालेली कोंबडी जुन्या साच्याची, पण अलीकडच्या काचेची असू शकते.

रंगही पुरा पुरावा नव्हे. इंडियानातल्या ग्रीनटाउनला जेकब रोझेंथाल यांनी १९००मध्ये चॉकलेटी काच बनवली. तिच्यातले डॉल्फिनच्या आकाराचे डबे संग्राहकांच्या जिवाभावाचे. १९०३च्या जूनमध्ये आगीत तो कारखाना गेला, म्हणजे तिथली चॉकलेटी भांडी तीन-साडेतीन वर्षांतलीच. पण रोझेंथाल पुढे फेंटन कारखान्यात गेले आणि हा रंग तिथेही ओतला गेला. नंतर डॉल्फिनच्या नकलाही निघाल्या. म्हणून ग्रीनटाउनचं नाव घेण्याआधी रंगाबरोबर डब्याची कड आणि अंगावरचे बारकावे अस्सल डॉल्फिनशी ताडून पाहावे लागतात.