डेल्को

जुन्या पेट्रोल मोटारीत प्रत्येक सिलिंडरला नेमक्या क्षणी ठिणगी पोचवणारा भाग. पुस्तकी नाव डिस्ट्रिब्युटर. ‘डेल्को’ ही मुळात अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांची कंपनी. तिची प्रज्वलनपद्धती १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारीत आली. आपल्याकडच्या गॅरेजांत कंपनीचे नाव त्या भागालाच चिकटले.

फोर्ड मॉडेल टी (१९०८–२७) मोटारीत हे काम ‘टायमर’ करी. गोल कवचात फिरणारा रोलर चार संपर्कांवरून जाई आणि चार कॉइलना १-२-४-३ या क्रमाने जागे करी. कवचात घाण साचली किंवा रोलर झिजला की गाडी मिसिंग करू लागे.

महाराष्ट्र : जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला डेल्कोवाल्या मोटारींची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची (स्थापना १९४४) फिएट ११००, पुढची पद्मिनी, कुर्ल्यात तयार होई. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून निघाली.

डिझेल जीप : हिच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून हिला डेल्को नसतो.

दुरुस्ती : चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरते तेव्हा डेल्कोतील पॉइंट (उघडझाप करणारे संपर्क) सेकंदाला १०० वेळा उघडतात. साहजिकच पहिली झीज तिथे. काढलेला पॉइंट उजेडात धरावा. एका टोकाला खड्डा आणि दुसऱ्याला उंचवटा दिसला तर कंडेन्सर तपासावा. नुसते पॉइंट घासून गाडी चार दिवस चालते, मग पॉइंट पुन्हा जळतात. फीलर गेजने फट लावताना अँबॅसडरला सुमारे ०.३५ ते ०.४० मिमी. आणि पेट्रोल विलीज जीपला सुमारे ०.५ मिमी. ठेवतात.

फट पॉइंट उघडणाऱ्या कॅमच्या चारही उंचवट्यांवर मोजावी. ती सारखी येत नसेल तर बहुतेक वेळा डेल्कोच्या शाफ्टचे बुश झिजलेले असते. रोटर काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवला की ढिलेपणा हाताला कळतो. अशा वेळी नवे पॉइंट घालणे म्हणजे पैसे वाया. लेथवर नवे बुश करून बसवावे; सगळ्या दुरुस्तीत हेच काम महत्त्वाचे, आणि नेमके तेच टाळले जाते. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर कॅप बदलावी. पावसाळ्यात ती आधी कोरडी पुसून पाहावी.

शेवटी टायमिंग. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुलीची खूण जुळवावी. डेल्कोच्या तारेपासून बॉडीपर्यंत बल्ब लावावा आणि इग्निशन चालू करून डेल्को हळूहळू फिरवावा. पॉइंट उघडताक्षणी बल्ब पेटतो. तिथेच डेल्को आवळावा.

पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक संच बसवावा की नाही, याबद्दल जुन्या मोटारींच्या संग्राहकांत एकमत नाही.

एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या बनावटीचे डेल्को आढळतात. उमरखेडसारख्या गावाहून नांदेड किंवा नागपूरला सुट्या भागासाठी माणूस पाठवायचा असेल तर जुना भाग त्याच्या हाती द्यावा.