जहागिरीच्या गावापासून महानगरपालिकेपर्यंत : इचलकरंजीच्या कारभाराची १३३ वर्षे

स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी भरपूर असतील. बाकावरच्या खोड्या, सहल, सरांचा मार, बाईंची माया हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आपल्या तुकडीत आहेत. म्हणून मी शाळेच्या कुंपणाबाहेरच्या गावाबद्दल लिहायचं ठरवलं. तेही गावाच्या कारभाराबद्दल, म्हणजे रस्ते, पाणी, घरफाळा आणि गटारी. विषय रुक्ष वाटेल, पण ज्या गावानं आपल्याला वाढवलं त्याचा खरा इतिहास या चार शब्दांत बराचसा सापडतो.

नागरिकशास्त्राच्या पेपरात एक हमखास प्रश्न असायचा : नगरपालिकेची आवश्यक कामे आणि ऐच्छिक कामे सांगा. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, रस्ते, सांडपाणी, जन्ममृत्यूची नोंद ही आवश्यक. बागा, वाचनालये, नाट्यगृहे ही ऐच्छिक. आपण ते पाठ केलं, गुण मिळवले आणि विसरलो. आज गावाचा इतिहास वाचताना वाटतं, तो प्रश्न इचलकरंजीला समोर ठेवूनच काढला असावा.

जहागीर आणि नगरपालिका

इचलकरंजी हे घोरपडे घराण्याच्या जहागिरीचं गाव. मूळ पुरुष नारो महादेव जोशी. सेनापती संताजी घोरपडे यांच्या पदरी राहून त्यांनी कर्तृत्व गाजवलं आणि धन्याचं घोरपडे हे आडनाव घेतलं. पुढे या घराण्याची सोयरीक थेट पेशव्यांशी झाली. बाळाजी विश्वनाथांची कन्या आणि थोरल्या बाजीरावांची बहीण अनुबाई या घरात आल्या आणि जहागिरीच्या कारभारात त्यांचा शब्द चालला. गावाचा कारभार बाईनं पाहण्याची परंपरा आपल्याकडे आरक्षणाच्या कितीतरी आधीची आहे, हे मैत्रिणींनी लक्षात ठेवावं!

१८९३ साली इचलकरंजीत नगरपालिका स्थापन झाली. काळ होता जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा. जहागीर कोल्हापूर संस्थानाच्या मांडलिकीतली, गाव शेतीचं आणि हातमागाचं, पंचगंगा हाताशी. अशा गावाला नगरपालिका मिळणं म्हणजे रस्त्यावर दिवा कोणी लावायचा आणि कचरा कोणी उचलायचा, हे ठरवणारी स्वतंत्र संस्था मिळणं.

बाबासाहेबांची दृष्टी उद्योगाकडे होती. त्यांच्याच प्रोत्साहनाने १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. त्या एका मागाने गावाचं नशीब बदललं. आपल्यापैकी निम्म्या जणांच्या घरचं उत्पन्न थेट किंवा फिरून त्या मागापाशी जातं. मागवाला असो, सायझिंगवाला, वहिफणी कामगार, कांडी भरणारी मावशी, सुताचा व्यापारी किंवा त्यांच्या पोरांना शिकवणारे आपले सर, सगळे त्याच धाग्यात ओवलेले.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि जहागिरी इतिहासजमा झाली. वाडा राहिला, पण त्याचं काम बदललं. आज त्याच राजवाड्यात डीकेटीईचं वस्त्रोद्योग व अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. नगरपालिका मात्र टिकली. राजे गेले, सनदा गेल्या, पण घरफाळ्याची वही चालूच राहिली.

माग पुढे, गटार मागे

जनगणनेचे आकडे पाहिले की गावाची धाव कळते. १९६१ साली लोकसंख्या सुमारे ५१ हजार होती. १९७१ मध्ये ती ८७ हजारांच्या पुढे गेली आणि १९८१ मध्ये सुमारे १ लाख ३३ हजार झाली. म्हणजे वीस वर्षांत गाव अडीच पटींहून अधिक वाढलं. २०११ मध्ये आकडा २ लाख ८७ हजारांवर पोचला. कर्नाटकातून, मराठवाड्यातून, पुढे उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानातून माणसं आली. मागावर काम मिळतं हे एवढं कारण पुरेसं होतं.

या वाढीची रीत ठरलेली होती. आधी शेड उभी राहायची, चार-आठ माग बसायचे, मागोमाग कामगारांच्या खोल्या. मग वीज यायची, त्यानंतर पाण्याचा नळ आणि सगळ्यात शेवटी रस्ता व गटार. 'मळा' हा शब्द आपल्या गावात इतक्या वसाहतींच्या नावात आहे तो उगाच नाही. काल जिथे ऊस होता तिथे आज माग आहे आणि नाव तेवढं शेताचं राहिलं आहे. अशा कितीतरी वसाहती गुंठ्या-गुंठ्याने विकल्या गेलेल्या जमिनींवर उभ्या राहिल्या. राज्यभर हीच गत होती, म्हणून २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला.

विकास आराखड्याचंही तसंच. आराखड्यात बाग, मैदान, शाळा, रस्ता यांसाठी जागा आरक्षित होतात. पण आरक्षण म्हणजे ताबा नव्हे. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार ठरलेल्या मुदतीत पालिकेने जागा संपादित केली नाही, तर मालक नोटीस देऊन ती सोडवून घेऊ शकतो. संपादनाला पैसा लागतो आणि पैसा नसला की नकाशावरची हिरवी बाग कागदावरच वाळते. गल्लीत टेम्पो आणि बिमांची गाडी समोरासमोर आली की जो खोळंबा होतो, त्याचं मूळ कित्येकदा तीस-चाळीस वर्षांपूर्वी न झालेल्या रुंदीकरणात असतं.

पालिकेचा पैसा यायचा कुठून? आपल्या लहानपणी मोठा आधार जकातीचा होता. सुताची गाडी गावात शिरली की नाक्यावर पावती फाटायची. गावात जितका धंदा, तितकी पालिकेची कमाई, असं ते सरळ नातं होतं. १९९९ मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात रद्द झाली आणि तिच्या जागी शासनाचं सहायक अनुदान आलं. व्यापाऱ्यांची नाक्यावरची कटकट संपली हे खरं. पण त्याच दिवशी गावाच्या तिजोरीची किल्ली थोडी मुंबईकडे सरकली. हातात राहिला तो मुख्यतः घरफाळा आणि पाणीपट्टी. घरफाळा ठरायचा घराच्या वार्षिक भाडेमूल्यावरून. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढायचं आणि दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची. फेरआकारणीच्या नोटिसा आल्या की गावात मोर्चा निघणार हेही ठरलेलं. कर वाढवणारा नगरसेवक निवडून येत नाही आणि कर न वाढवता पाण्याची टाकी होत नाही, या कात्रीत प्रत्येक सभागृह अडकलं.

ऐच्छिक कामांत पहिला नंबर

गंमत म्हणजे पुस्तकातल्या 'ऐच्छिक' कामांत आपलं गाव कधी मागे नव्हतं. आपटे वाचन मंदिर १८७० सालचं, म्हणजे नगरपालिकेपेक्षाही जुनं. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर याच गावाचं नाव लावून देशभर गायले. १९७४ मध्ये पन्नासावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इचलकरंजीत झालं आणि अध्यक्ष होते पु. ल. देशपांडे. बाबासाहेब घोरपड्यांच्या नावाचं नाट्यगृह उभं राहिलं. ज्या गावात शेजारच्याशी बोलायचं तर मागाच्या खटखटीवर आवाज चढवावा लागतो, त्या गावाने गाणं, नाटक आणि पुस्तकं जपली. याचा अभिमान मी पुण्यात ऑफिसातही मिरवते.

पण आवश्यक कामांच्या यादीत पहिला शब्द आहे पाणी. तिथे आपली गाडी अडली.

पाण्याचं गणित

पंचगंगा उशाला असूनही इचलकरंजी तहानलेली का, हे बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड जातं. कोल्हापूर शहराचं आणि काठच्या गावांचं सांडपाणी वरून येतं, साखर कारखान्यांचं येतं आणि आपल्या प्रोसेसिंग उद्योगाचं व वस्त्यांचं पाणी काळ्या ओढ्यातून नदीला मिळतं. म्हणजे आपण फक्त बळी नाही, काही अंशी वाटेकरीही आहोत. या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आलं, मैलापाणी प्रक्रिया केंद्र आलं, तरी नदीवरचे मेलेले मासे दर काही वर्षांनी वर्तमानपत्रात येतच राहिले.

२०१२ च्या उन्हाळ्यात गावात काविळीची साथ पसरली. हजारो लोक आजारी पडले, अनेकांचे प्राण गेले. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा बाहेरगावी नोकरीत होतो आणि रोज फोनवर एकच विचारत होतो, पाणी उकळून पिताय ना? पिण्याचं पाणी हा गैरसोयीचा प्रश्न नसून जिवाचा प्रश्न आहे, हे त्या वर्षाने गावाला शिकवलं.

कृष्णेवरच्या मजरेवाडीहून पाणी आणणारी योजना होती, पण तिच्या जलवाहिनीला गळती लागली. मग वारणेचं पाणी दानोळीहून आणायचं ठरलं, तिथल्या ग्रामस्थांनी कडाडून विरोध केला. नंतर दूधगंगेवर कागल तालुक्यातल्या सुळकूडहून सुमारे १६० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली, त्यालाही विरोध झाला. आपल्या गावात यासाठी उपोषणं झाली, मोर्चे निघाले. पण क्षणभर दानोळीच्या किंवा सुळकूडच्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. तो विचारतो, तुमच्या दाराशी नदी होती, तिचं तुम्ही काय केलंत? आमच्या नदीचं तसंच होणार नाही कशावरून? या प्रश्नाला इचलकरंजीने अजून नीट उत्तर दिलेलं नाही. पंचगंगा स्वच्छ करण्याची ठोस सुरुवात हेच ते उत्तर असू शकतं. दुसऱ्याच्या नदीवरचा आपला हक्क मागताना ती आपली सर्वांत मोठी साक्ष ठरेल.

पाटी बदलली, पुढे काय?

२०१६ च्या निवडणुकीत इचलकरंजीकरांनी नगराध्यक्ष थेट मतदानाने निवडला आणि अलका स्वामी नगराध्यक्षा झाल्या. त्या सभागृहाची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. २०२२ मध्ये शासनाने इचलकरंजी महानगरपालिका स्थापन केली, राज्यातली २८ वी. 'अ' वर्ग नगरपालिकेची पाटी उतरली, मुख्याधिकाऱ्यांच्या जागी आयुक्त आले. पण सभागृह रिकामंच राहिलं. १५ जानेवारी २०२६ रोजी ६५ जागांसाठी पहिली निवडणूक होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षं, गावाचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. एवढ्या काळात रस्ता कुठला आधी करायचा, कर किती लावायचा, हे ठरताना आपल्या गल्लीचं कोणी आत बसलेलं नव्हतं.

या बदलात एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. नगरपालिकेत आपण नगराध्यक्ष थेट निवडला होता. महानगरपालिकेत महापौर नगरसेवक निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी, आणि कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. संस्था मोठी झाली, पण प्रमुखाला घरी बसवण्याची मतदाराची थेट ताकद कमी झाली. म्हणूनच नगरसेवकावर लक्ष ठेवणं आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं आहे.

पैशाचं कोडंही नवं आहे. जुन्या महापालिकांना जकात आणि एलबीटी बंद झाल्याबद्दल जीएसटीची भरपाई मिळते. आपली महापालिका जीएसटीनंतर जन्मली, म्हणून तिला तो वाटा मिळत नव्हता. बऱ्याच पाठपुराव्यानंतर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने इचलकरंजी आणि जालना या दोन्ही नव्या महापालिकांसाठी ही भरपाई मान्य केली. शिवाय कबनूर, कोरोची, चंदूर, तारदाळ, यड्राव ही लागून असलेली गावं आजही हद्दीबाहेर आहेत. माग त्यांच्याकडेही, वस्ती सलग, पण पालिका वेगळी. हद्दवाढ म्हटलं की त्यांना आधी घरफाळ्याची धास्ती वाटते आणि ती गैर नाही. सोयी आधी दिसल्या, तरच कोणी कर द्यायला राजी होईल.

आमच्या धंद्यात जुनी प्रणाली काढून नवी बसवताना एक नियम पाळतात : आधी जुन्यातल्या चुकांची यादी करा, नाहीतर त्या नव्या नावाने पुन्हा चालू होतात. आपल्या महापालिकेची ती यादी फार लांब नाही. पाणी, नदी, आरक्षणाच्या जागा आणि लागोपाठ उकरले जाणारे रस्ते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातले काही जण गावातच आहेत, शेड चालवतात, दुकान चालवतात. काही माझ्यासारखे पुण्या-मुंबईला, काही परदेशात. पण बहुतेकांच्या नावावर किंवा आईवडिलांच्या नावावर गावात एक घर आहे आणि त्याचा घरफाळा आपण भरतो. म्हणजे या संस्थेचे आपण अजून देणेकरी आणि म्हणून हक्कदारही आहोत. महापालिकेचं अंदाजपत्रक दरवर्षी मांडलं जातं, ते मागून वाचता येतं. आराखड्यावर हरकती मागवल्या जातात, त्या मुदतीत देता येतात. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. आपल्या तुकडीत वकील आहेत, हिशेबनीस आहेत, डॉक्टर आहेत, बांधकाम अभियंते आहेत. पाच-सहा जणांनी मिळून दरवर्षी फक्त पाण्याचं एक पान, म्हणजे किती मंजूर झालं, किती खर्च झालं आणि किती पाणी आलं, एवढं तपासून गावासमोर ठेवलं, तरी नव्या सभागृहाला कोणीतरी बघतंय याची जाणीव राहील. मी आकड्यांच्या मांडणीचं काम घ्यायला तयार आहे. मेळाव्यात जेवणाच्या पंगतीत यावर बोलूया. नागरिकशास्त्र शिकवणारे आपले गुरुजनही तिथे असतील, तपासायला पेपर त्यांच्याकडेच देऊ.