एकच नाणं, दोन गुण: नाण्यांच्या ग्रेडिंगची गोष्ट

आजच्या भागाचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आला. त्यांचं म्हणणं असं: "माझ्याकडचा एक जुना अमेरिकन चांदीचा डॉलर ग्रेडिंगला पाठवला, ६३ गुण मिळाले. वर्षभराने प्लास्टिकची डबी फोडून तेच नाणं त्याच कंपनीकडे पाठवलं, तर ६४ मिळाले. दोन्ही वेळा फी भरली. आता यातलं खरं काय?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. शिवाय हा नुसता हौसेचा मामला नाही. मॉर्गन डॉलर नावाचं अमेरिकन नाणं घ्या. त्यातलं १८८४ सालचं, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पाडलेलं नाणं झिजलेल्या अवस्थेत सहज मिळतं. तेच न वापरलेलं, कोरं हवं असेल तर फार दुर्मिळ. त्यामुळे 'जवळजवळ कोरं' आणि 'कोरं' या दोन शेऱ्यांमध्ये किमतीचा प्रचंड फरक पडतो. म्हणजे तो शेरा देणाऱ्याच्या नजरेवर कुणाची तरी आयुष्याची पुंजी टांगलेली असते.

तर आधी हे ७० गुण आले कुठून ते बघू. पूर्वी नाण्यांची अवस्था शब्दांत सांगायचे: गुड, फाइन, अनसर्क्युलेटेड. गंमत म्हणजे या भाषेत 'गुड' म्हणजे बऱ्यापैकी झिजलेलं नाणं! आणि प्रत्येक व्यापाऱ्याचं 'फाइन' वेगळं. विकताना वरचा शब्द, विकत घेताना खालचा. १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटवर पुस्तक लिहिलं आणि त्यात १ ते ७० अशी श्रेणी मांडली. हे गृहस्थ पेशाने मानसशास्त्रज्ञ. माणसांच्या शरीरयष्टीवरून स्वभावाचे प्रकार पाडणारा त्यांचा सिद्धांत तेव्हा गाजला होता. वर्गीकरणाची तीच सवय त्यांनी नाण्यांना लावली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ही श्रेणी मुळात किमतीची होती. १७९४ सालच्या सेंटचं कसंबसं ओळखू येणारं नाणं १ डॉलरचं, तर अगदी निर्दोष नाणं ७० डॉलरचं, असा तो हिशेब. थोड्याच वर्षांत बाजारभाव बदलले आणि हिशेब कोलमडला. आकडे मात्र राहिले. म्हणजे बाजारभाव मोजायला केलेली पट्टी पुढे नाण्याची अवस्था मोजायला वापरली गेली. याच शेल्डन यांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी उचलून त्या जागी कमी प्रतीची ठेवली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालं. अशी शंभराहून जास्त नाणी निघाली आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. आता यात टोमणा मारायचा मोह होतो, पण मुद्दा वेगळा आहे. जरासं बरं नाणं आणि जरासं उणं नाणं यांतला फरक त्यांना किती बारकाईने दिसत होता, याचाही तो पुरावाच म्हणायचा.

१९७७ मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने, म्हणजे ए.एन.ए.ने, अधिकृत मानकांचं पुस्तक काढलं आणि शेल्डनची श्रेणी सगळ्या अमेरिकन नाण्यांना लागू केली. त्यांची ॲनॅक्स ही सेवा १९७२ पासून नाणं खरं की खोटं ते तपासत होती. १९७९ पासून ती फोटो लावलेल्या प्रमाणपत्रावर गुणही देऊ लागली. तेव्हा चांदीचे भाव भडकत होते आणि संग्राहकांसोबत गुंतवणूकदारही बाजारात उतरले होते. पुढे भाव पडले, लोक चोखंदळ झाले, आणि आधी ६५ म्हणून विकत घेतलेलं नाणं काही वर्षांनी ६३ ठरू लागलं. नाणं तिजोरीत जसंच्या तसं होतं. बदलली होती ती बघणाऱ्यांची नजर.

या गोंधळावर उपाय म्हणून डेव्हिड हॉल आणि आणखी काही व्यापाऱ्यांनी पी.सी.जी.एस. ही कंपनी काढली आणि १९८६ मध्ये काम सुरू झालं. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, जॉन अल्बनीज यांची एन.जी.सी. आली. कल्पना फक्कड होती. दोन-तीन जाणकारांनी एकमेकांचे गुण न बघता नाणं तपासायचं, शेवटचा निर्णय करायचा आणि नाणं कडक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करायचं. या डबीला 'स्लॅब' म्हणतात. व्यापारी नाणं न बघता, नुसत्या आकड्यावर बोली लावायला तयार झाले. मग वॉल स्ट्रीटचं लक्ष गेलंच. शेअरसारखी नाणी घ्यायची, असे फंडही निघाले.

पण कोऱ्या नाण्यासाठी ६० ते ७० अशा ११ पायऱ्या आहेत. ६४ आणि ६५ यांत फरक कशाचा? गालावरचा एखादा ओरखडा, चकाकी जरा मंद, ठसा थोडा कमी उठलेला, आणि शेवटी 'एकूण कसं दिसतं' ही गोष्ट. जाणकार एका नाण्याला काही सेकंद देतो. दिव्याचा प्रकाश, हातातला कोन, त्याच्या आधी बघितलेलं नाणं, या सगळ्याचा परिणाम होतो. दहावीच्या पेपरचं फेरमूल्यांकन आठवा: पेपर तोच, तपासणारा वेगळा, गुण वेगळे. आणि नाणं नेमकं ६४ आणि ६५ च्या उंबरठ्यावर असेल, तर तोच माणूसही सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरं म्हणू शकतो.

१९९० मध्ये दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पी.सी.जी.एस.वर कारवाई केली. सातत्याचे आणि वस्तुनिष्ठतेचे जाहिरातीतले दावे फुगवलेले आहेत, असा आक्षेप होता. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण तडजोड झाली आणि जाहिरातीत खुलासा छापायचं ठरलं. त्याच वर्षी त्याच कंपनीने संगणकाकडून ग्रेडिंग करून दाखवलं. माणसाची लहर नको म्हणून यंत्र आणलं, पण ते टिकलं नाही आणि काम पुन्हा माणसाच्या डोळ्याकडे आलं. पुढे २००३ मध्ये 'कॉइन वर्ल्ड' या नियतकालिकाने वर्षभराच्या पाहणीचे निष्कर्ष छापले. तीच ती नाणी त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांकडे फिरवली होती. एकाही नाण्यावर सगळ्यांचं एकमत झालं नाही.

या विसंगतीतून एक धंदाच उभा राहिला. त्याला 'क्रॅक-आउट' म्हणतात. उंबरठ्यावरचं नाणं हेरायचं, डबी फोडायची, पुन्हा पाठवायचं. गुण वाढला तर नफा, नाही तर फी गेली. यात दोन तोटे होतात. कुठल्या गुणाची किती नाणी आहेत, याची यादी कंपन्या काढतात. जुनी चिठ्ठी परत केली नाही, तर एकच नाणं त्या यादीत दोनदा-तीनदा मोजलं जातं. दुसरा तोटा असा की वर सरकलेलं नाणं कुणी पुन्हा पाठवत नाही. त्यामुळे वरच्या गुणाच्या डब्यांत जेमतेम नाणी साठत जातात. यावर तोडगा म्हणून २००७ मध्ये अल्बनीज यांनीच सी.ए.सी. काढली. दुसऱ्याने दिलेला गुण पटला, तर डबीवर हिरवं स्टिकर. नाणं दिलेल्या गुणापेक्षाही सरस वाटलं, तर सोनेरी. म्हणजे परीक्षकाचा परीक्षक! आणि २०२३ पासून ते स्वतःच गुण देऊ लागले.

हे सगळं वाचताना मला आपले सराफ आणि पोतदार आठवत राहिले. मराठेशाहीत एकाच वेळी कितीतरी टांकसाळींचे रुपये चालत. खजिन्यात भरणा आला की पोतदार नाणं पारखायचा. बाजारात सराफ कस बघून, वजन करून बट्टा कापायचा. एका गावात पूर्ण भावाने चालणारा रुपया दुसऱ्या गावात बट्ट्याने चालायचा. 'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो, तो बट्टा हाच. १८३५ मध्ये कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया आणला आणि या पारखीची गरज हळूहळू उरली नाही. गंमत बघा, जुन्या रुपयावर सराफाने मारलेली छिन्नीची खूण म्हणजे त्या काळी नाणं तपासल्याचा पुरावा. आज असं नाणं ग्रेडिंगला गेलं, तर तीच खूण बहुधा नुकसान धरली जाते.

एक फरक मात्र मोठा आहे. सराफाचं मत चुकीचं वाटलं तर चांदी वितळवून बघता यायची. ६४ की ६५ याला असा कस नाही. तिथे मताच्या खाली काही नसतं, आणखी एक मतच असतं.

तर त्या श्रोत्यांना माझं उत्तर: तुमचं नाणं दोन्ही वेळा खरंच होतं, आणि दोन्ही गुणही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. ते '६३ ते ६४' असं नाणं आहे. ग्रेडिंग निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. खोटी नाणी आणि घासूनपुसून चकचकीत केलेली नाणी त्यामुळे बाजूला पडतात, हा उपकार मोठा आहे. पण वरच्या एका गुणासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्याआधी दिव्याखाली नाणं धरा, भिंग घ्या, आणि तो जादाचा गुण तुमच्या डोळ्याला दिसतो का ते बघा. दिसत नसेल, तर त्याचे पैसे देऊ नका.