मोजणी आणि अर्थनिर्णय : माध्यमसंशोधनातील एका द्वैताचा इतिहास

माध्यमसंशोधनात संख्यात्मक आणि गुणात्मक अशा दोन पद्धती मानल्या जातात आणि त्यांचे गुणदोष बहुधा दोन स्वतंत्र स्तंभांत मांडले जातात. संख्येमुळे व्याप्ती आणि तुलनीयता लाभते, पण अर्थ निसटतो; मुलाखत, निरीक्षण आणि संहितेचे सूक्ष्म वाचन यांमुळे अर्थ हाती लागतो, पण त्यावरून सामान्य विधान करता येत नाही, असे या मांडणीचे सार असते. ही मांडणी चुकीची नाही. मात्र ती इतिहासनिरपेक्ष आहे. हे द्वैत कोणत्या परिस्थितीत घडले ते पाहू लागल्यास दोन्ही पद्धतींच्या मर्यादा केवळ त्यांच्या साधनांतून उद्भवत नाहीत, हे ध्यानात येते. प्रश्न कोणी आणि कशासाठी विचारला, उत्तरांचे वर्ग कोणी पाडले, या गोष्टींशी त्या मर्यादा निगडित आहेत.

आरंभीच्या काळात हे द्वैत इतके ठळक नव्हते. पाउल लाझार्सफेल्ड, मारी याहोडा आणि हान्स झाइसेल यांनी व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गावाचा अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध केला. कापडगिरणी बंद पडल्याने जवळजवळ सारे गाव बेकार झाले होते. वेळ भरपूर आणि ग्रंथालयाचे शुल्क माफ असूनही पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले, ही गोष्ट नोंदवह्यांतील मोजणीतूनच उघड झाली. नाताळात काय हवे, या विषयावर मुलांनी लिहिलेल्या निबंधांतील इच्छांची किंमत काढली असता ती शेजारच्या गावांतील मुलांच्या इच्छांच्या सुमारे एकतृतीयांश भरली. तथापि संशोधक तेथे थांबले नाहीत. पुष्कळ मुलांनी आपली इच्छा ‘पैसे असते तर’ अशा संकेतार्थी रूपात लिहिली होती, हेही त्यांनी टिपले. किंमत मोजणे आणि क्रियापदाचा अर्थ वाचणे या दोन्ही क्रिया येथे एकाच पुराव्यावर झाल्या आहेत.

फूट पडली ती अमेरिकेत. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या अनुदानातून १९३७ मध्ये प्रिन्स्टन येथे रेडिओविषयक संशोधनप्रकल्प सुरू झाला आणि लाझार्सफेल्ड त्याचे संचालक झाले. कार्यक्रम ऐकताना श्रोत्याने आवड-नावड दर्शविणारी कळ दाबावी आणि त्याची नोंद क्षणोक्षणी कागदावर उमटावी, असे यंत्र त्यांनी फ्रँक स्टँटन यांच्या समवेत तयार केले. १९३८ मध्ये संगीतविभागासाठी आलेल्या थिओडोर अडोर्नो यांना हा सारा व्यवहारच आक्षेपार्ह वाटला. श्रोत्याची आवड ही स्वयंसिद्ध सामग्री नव्हे. जे सतत वाजविले जाते त्यातूनच ती घडते, तेव्हा ती मोजणे म्हणजे परिणामाला कारण समजणे होय, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे संगीतविभागाचे अनुदान थांबले. १९४१ च्या एका निबंधात लाझार्सफेल्ड यांनी ‘प्रशासकीय’ आणि ‘चिकित्सक’ असे संशोधनाचे दोन प्रकार कल्पून त्यांत सहकार्याची अपेक्षा व्यक्त केली. म्हणजे भेद केवळ पद्धतीचा नव्हता, प्रयोजनाचाही होता. पण अडोर्नो यांची भूमिकाही निर्दोष म्हणता येत नाही. श्रवणाच्या अधोगतीविषयीची त्यांची विधाने श्रोतृवर्गाच्या मोठ्या भागाला लागू होणारी आहेत. ‘किती’ हा प्रश्न त्यांनी नाकारला, तरी त्याचे उत्तर मात्र गृहीत धरले.

दोन्ही पद्धती एकत्र आणल्या म्हणजे दोष आपोआप दूर होतात, ही समजूतही याच प्रकल्पातून निघालेला एक ग्रंथ खोटी ठरवितो. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांनी सादर केलेल्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या नभोनाट्यामुळे मंगळवासीयांचे आक्रमण झाल्याची अफवा पसरली. हॅडली कँट्रिल यांनी हेझल गॉडेट आणि हेर्टा हर्झोग यांच्या साहाय्याने केलेला त्याचा अभ्यास १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. १३५ प्रदीर्घ मुलाखती हा त्याचा गाभा. काहींनी बातमीची शहानिशा का केली आणि काहींनी का केली नाही, हे त्यांतून जसे उलगडते तसे कोणत्याही कोष्टकातून उलगडले नसते. परंतु यांतील शंभरांहून अधिक व्यक्ती त्या घाबरल्या होत्या हे ठाऊक असल्यामुळेच निवडल्या गेल्या होत्या. मुलाखतींना जोड होती सर्वेक्षणाची, आणि ते झाले प्रसारणानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, वृत्तपत्रांनी ‘घबराट’ हा शब्द रूढ केल्यानंतर. सुमारे ६० लाख श्रोते आणि त्यांपैकी १० लाखांहून अधिक भयभीत, हे अनुमान दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत नांदले. अलीकडच्या इतिहासकारांनी ते अतिरंजित ठरविले आहे. मुलाखतींनी भयाला चेहरा दिला, आकड्याने त्याला आकारमान दिले. पण दोहोंनी ‘घबराट’ हा वर्ग आयताच स्वीकारला होता.

या वर्गांचा प्रश्न १९५२ च्या सुमारास स्पष्टपणे ऐरणीवर आला. बर्नार्ड बेरेल्सन यांनी त्या वर्षी आशयविश्लेषणाची व्याख्या करताना वस्तुनिष्ठता, पद्धतशीरपणा आणि संख्यात्मकता आवश्यक मानली आणि अभ्यास प्रकट आशयापुरता मर्यादित केला. जर्मनीतून आलेले चित्रपटचिंतक झीगफ्रीड क्राकाउअर यांनी त्यावर आक्षेप घेतला. संहितेतील एखादे विधान ‘अनुकूल’ की ‘अतिशय अनुकूल’ हे ठरविणे हाच अर्थनिर्णय आहे. तो एकदा कोष्टकात गेला की त्याचे निर्णयपण दिसेनासे होते, असा या आक्षेपाचा रोख होता. शिवाय सुट्या एककांची बेरीज म्हणजे संहिता नव्हे. तथापि बेरेल्सन यांच्या आग्रहातही तथ्य होते. वर्ग आधी जाहीर केल्याने दुसऱ्या अभ्यासकाला तीच सामग्री पुन्हा तपासता येते. मर्मग्राही वाचनाला ही कसोटी सहसा लावता येत नाही.

या परंपरेचा एक धागा महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. दहा आठवड्यांत २० कार्यक्रम झाले. मंडळाने एकत्र बसून ऐकावे आणि नंतर चर्चा करावी, अशी योजना होती. मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि ते करणारे पाउल नॉइराट हे कोलंबिया विद्यापीठात लाझार्सफेल्ड यांच्या सान्निध्यात घडलेले समाजशास्त्रज्ञ. मंडळे असलेली गावे, केवळ रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे यांची प्रयोगापूर्वी व नंतर तुलना केली गेली. मंडळांच्या गावांतील ज्ञानवृद्धी इतरांहून पुष्कळ अधिक ठरली. नुसत्या प्रसारणाने हे साधत नाही, हा निष्कर्ष तुलनेवाचून निघालाच नसता. मात्र चर्चेत नेमके काय घडते, मंडळ गावाच्या निर्णयप्रक्रियेत कसे शिरते, हे समजले ते निरीक्षणातून. दोन्हींच्या मर्यादाही येथेच दिसतात. दहा आठवड्यांनंतरची कसोटी त्या ज्ञानाच्या टिकाऊपणाविषयी काही सांगू शकत नाही. आणि जगदीशचंद्र माथुर व नॉइराट यांचा १९५९ चा अहवाल इंग्रजीत असल्याने शेतकऱ्यांचे मराठी बोलणे वाचकापर्यंत सारांशाच्या आणि भाषांतराच्या रूपातच पोहोचते.

साहित्याच्या अभ्यासकांना हा इतिहास परका नाही. ‘वाचकांनी कादंबरी उचलून धरली’, ‘नियतकालिकांतून प्रामुख्याने असे लेखन येत होते’ ही मराठी समीक्षेतील परिचित वाक्ये रूपाने गुणात्मक असली तरी त्यांत मोजणी दडलेली असते, आणि ती सहसा केलेली नसते. उलट आवृत्त्यांची संख्या लोकप्रियतेचा पुरावा म्हणून देताना ‘वाचणे’ आणि ‘विकत घेणे’ हे एकच मानण्याचा अर्थनिर्णय आधीच झालेला असतो. म्हणून पद्धतीची निवड हा केवळ रुचीचा किंवा प्रशिक्षणाचा प्रश्न राहत नाही. ‘किती’ असा दावा करणाऱ्याने मोजले पाहिजे; आणि मोजणाऱ्याने आपण काय एक मानले व काय वगळले, हे मोजणीच्या आधी सांगितले पाहिजे.