सुजाताची खीर आणि सोमेश्वरची साखर

इतिहास म्हटला की आपण लढाया शोधतो, सनावळ्या पाठ करतो. मी आज एका वाटीभर खिरीचा इतिहास सांगणार आहे. हसू नका. ज्या माणसांच्या जिभेला गोड काय असतं तेच पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक नव्हतं, त्यांच्यासाठी खिरीची वाटी ही पानिपताएवढीच मोठी गोष्ट आहे.

सोमेश्वरनगरच्या आसपासचं एक गाव. नाव सांगत नाही, कारण महारवाडा सगळ्या गावांचा तोच. साखर कारखान्याचं धुराडं तिथून दिसायचं आणि हंगामात वारा फिरला की मळीचा आंबूस-गोड वास थेट आमच्या चुलीपाशी यायचा. नाकाला गोड आणि पोटाला ज्वारीची कोरडी भाकरी, असं आमचं बालपण. रात्री आज्जी गोष्टी सांगायची आणि तिच्या प्रत्येक गोष्टीत कुणीतरी गोड खात असायचं. म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडं जायची आणि तूप-पोळी खाऊन लठ्ठ होऊन यायची. दशरथ राजाला यज्ञातून खिरीचं भांडं मिळायचं, तीन राण्यांत वाटणी व्हायची, त्यातला एक घास घार पळवायची आणि तो अंजनीच्या ओंजळीत पडायचा.

मी विचारायचो, "आज्जे, खीर कशी लागती?"

"ग्वाड."

"ग्वाड म्हंजी गुळावानी?"

"गुळावानीच, पर पांढरी."

यापुढं तिला सांगता यायचं नाही. कारण तिनं स्वतः खाल्लीच नव्हती. ही खिरीची गोष्ट तिनं देवळाच्या बाहेर, पायरीपासून लांब बसून कीर्तनात ऐकलेली. घारीच्या चोचीतला घास अंजनीपर्यंत पोचला, पण देवळाच्या भिंतीबाहेर काही आला नाही. बाहेर आली ती फक्त गोष्ट.

आता प्रश्न असा की, साखरेच्या मुलखात राहून साखर तोंडात का नाही? याचं उत्तर आज्जीच्या नशिबात शोधू नका. ते इतिहासात आहे.

हा सगळा भाग जुन्या भीमथडीचा, दुष्काळी. १८७६-७७ चा दुष्काळ इथल्या माणसांनी आणि ढोरांनी अंगावर काढला. त्यानंतर सरकारनं भाटघरला धरण घातलं आणि १८८५ च्या सुमाराला नीरा डाव्या कालव्याला पाणी खेळू लागलं. ज्या माळावर कुसळं उगवत नव्हती तिथं ऊस उभा राहिला. सासवडकडचे माळी बागायतदार कालव्याच्या काठानं खाली आले, गुऱ्हाळं लागली. १९३० नंतरच्या काळात इंदापूर तालुक्यात कळंबला वालचंद हिराचंदांचा साखर कारखाना उभा राहिला आणि त्या ठिकाणाला वालचंदनगर म्हणू लागले. स्वातंत्र्यानंतर सहकार आला. प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. त्याच वाटेनं बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर उभे राहिले. करंज्याच्या सोमेश्वराच्या देवळावरून कारखान्याला नाव पडलं आणि कारखान्यावरून वसाहतीला.

या इतिहासाची पुस्तकं झाली, गौरव-अंक निघाले. पण त्यात एक साधा हिशोब कुणी मांडत नाही. सहकाराचा नियम असा की ज्याच्या नावावर ऊस तो सभासद, आणि जो सभासद त्याला दिवाळीला सवलतीची साखर. मग ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याचं काय?

आमच्याकडं जमीन होती, पण ती वतनाची. वतन म्हणजे गावाची चाकरी. सांगावा पोचवायचा, सरकारी माणसाचं ओझं वाहायचं, मेलेलं ढोर ओढायचं, लग्नाची लाकडं फोडायची. बदल्यात हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. १८७४ च्या कायद्यानं इंग्रज सरकारनं या बेड्या कागदावर पक्क्या केल्या. त्या तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणलं. वतन प्रत्यक्षात गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. म्हणजे कालव्याला पाणी आल्यावर सत्तर वर्षांहून जास्त काळ आमचा माणूस त्या पाण्याच्या काठावर गावाचा चाकर म्हणूनच उभा होता. कायदा झाला तरी जमीन परत नावावर करून घ्यायला सरकारात पैसे भरायचे होते. ज्याच्या घरात दोन वेळची भाकरी नाही तो पैसे कुठून भरणार? ऊस लावायची वेळ आली तेव्हा कित्येकांच्या हातातून तुकडा सुटलेला होता.

तरीही गोड आमच्या तोंडात अगदीच आलं नाही असं नाही. पण ते कसं आलं ते ऐका.

एक, गुऱ्हाळावर. चुलाणात पाचट आणि चिपाडं सारायचं काम आमच्या माणसांचं. काहिलीतला रस उकळायचा, मळी वर यायची, ती काढून टाकायची, मग पाक घट्ट होऊन वाफ्यात ओतायचा आणि त्याची ढेप व्हायची. रात्रभर जाळापुढं भाजून निघालेल्या माणसाला पहाटे काकवी मिळायची. वरून ओतलेली. त्याच्या लोटक्याला गुळव्याचा हात लागायचा नाही, पण ढेपेला त्याचा घाम लागलेला चालायचा!

दुसरं, लग्नात. गावची पंगत उठली की पत्रावळ्या आमच्या. त्यात चिकटलेली लापशी, चुरा झालेली बुंदी. आज्जी सांगायची, पत्रावळीतली बुंदी निवडून पदरात बांधायची आणि घरी येऊन पोरांना एकेक दाणा द्यायची. आज्जीच्या पिढीला गोड भेटलं ते असं, दुसऱ्याच्या तोंडचं.

आणि म्हणूनच बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत जे सांगितलं त्याचं वजन आपल्याला आज पुरतं कळत नाही. मेलेलं ढोर खाऊ नका, उष्टं-शिळं खाऊ नका. भाषणात हे वाक्य सोपं वाटतं. पण उष्टं सोडायचं म्हणजे काय? तर आयुष्यात जे एकमेव गोड मिळत होतं तेच सोडायचं. त्या आयांनी ते सोडलं. लेकरं रडली असतील. त्यांनी त्यांना मारलं असेल किंवा पोटाशी धरून गप्प केलं असेल. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं त्यांची नावं इतिहासात थोडीफार आली. ज्यांनी बुंदीचा पदर झटकून टाकला त्यांची नावं कुठं आहेत?

कुणी म्हणेल, खाण्यापिण्याच्या गोष्टी या, त्यात कसला लढा? त्यानं १९३६ चं 'जातिनिर्मूलन' उघडावं. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत बाबासाहेबांनी त्यात दिली आहे. तीर्थयात्रेहून आलेल्या एका अस्पृश्यानं आपल्या जातभाईंना जेवण दिलं आणि त्यात तूप वाढलं. शेकडो हिंदू लाठ्या घेऊन धावून आले, अन्न नासवलं, जेवणाऱ्यांना झोडपलं. गुन्हा काय? तूप! त्यांचं स्वतःचं तूप, स्वतःच्या पैशाचं. तूप महाग म्हणून नव्हे, तूप हे वरच्याचं लक्षण म्हणून. आज्जीच्या गोष्टीतल्या म्हातारीनं भोपळ्यातून जाऊन लेकीकडं तूप-पोळी खाल्ली. ती म्हातारी आमच्यातली असती आणि लेकीचं घर चकवाऱ्याला असतं, तर वाटेतल्या वाघाची गरजच नव्हती.

जगभर साखरेची गोष्ट अशीच आहे. 'शर्करा' हा शब्द आपल्याकडून जगात गेला. पण साखर युरोपच्या चहात पडली ती वेस्ट इंडीजच्या मळ्यांतल्या काळ्या गुलामांच्या पाठीवरून. १८३४ पासून इंग्रजांच्या वसाहतींत गुलामगिरी बंद होत गेली, तर त्याच वर्षापासून गिरमिटाच्या कागदावर अंगठे घेऊन आपली माणसं मॉरिशसला ऊस तोडायला नेली. ऊस तोडणारा हात आणि साखर खाणारं तोंड एकाच माणसाचं असू नये, अशी जणू साखरेची अटच आहे. पँथरनं १९७२ मध्ये अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीवरून नाव घेतलं ते उगाच नाही.

१९७२ चं नाव निघालं म्हणून सांगतो. त्या दुष्काळात सगळा जिल्हा रोजगाराच्या कामावर खडी फोडत होता. तिथं सुकडी मिळायची. पिवळसर पीठ, जरा गोडसर. माझ्या पिढीतल्या कितीतरी पोरांना उष्टं नसलेलं पहिलं गोड हे सुकडीच्या रूपानं मिळालं. दुष्काळानं दिलं, गावानं नाही.

आता खिरीकडं येतो.

१९७४ साल. जानेवारीत वरळीची दंगल झालेली. मुंबईहून गिरणीतली, डॉकातली पोरं गावी आली ती डोक्याला पट्ट्या बांधून आणि नव्या बोलीत बोलत. वैशाख पौर्णिमा जवळ आली. त्यांनी ठरवलं, औंदा वाड्यात बुद्ध जयंतीला खीर करायची. वर्गणी निघाली. चार आणे, आठ आणे. ज्याच्याकडं पैसे नाहीत त्यानं जळण दिलं. साखर रेशनची, प्रत्येक घरातून वाटी-वाटी जमवलेली. तांदूळही तसाच. दुधाची अडचण झाली. कशाला पाहिजे एवढं दूध, असं गावात विचारायला लागले आणि पुढं कुणी घालेना. मग दोघं जण सायकलवर कळशा बांधून नीरेला गेले आणि तिथनं आणलं.

खीर शिजत होती तेव्हा एका पोरानं सुजाताची गोष्ट सांगितली. उरुवेलेच्या सेनानीची लेक सुजाता. तिनं वडाच्या झाडाला नवस बोलला होता. नवस फेडायला म्हणून दासी पुन्नाला पुढं धाडलं. झाडाखाली गौतम बसलेला, उपासानं हाडाचा सापळा झालेला. सुजातानं त्याला सोन्याच्या भांड्यातलं अन्न दिलं आणि त्यानं ते खाल्लं. बरोबरचे पाच परिव्राजक रागावून निघून गेले. म्हणाले, हा बिघडला.

आज्जी मधेच म्हणाली, "म्हंजी त्यो उपास सोडून जेवला?"

"हां आज्जे, जेवला. आन मगच त्याला ज्ञान झालं."

आज्जी बराच वेळ काही बोलली नाही. तिला आयुष्यभर सगळ्यांनी उपासच सांगितले होते. एकादशी, शनवार, अमुक-तमुक. ज्यांच्या चुली आधीच आठ दिवसांतून चार दिवस विझलेल्या, त्यांना उपासाचं पुण्य! आणि हा धर्म असा की ज्याची वाट उपास सोडण्यापासून सुरू होते. दशरथाची खीर राण्यांच्या पायरीनं वाटली गेली. सुजाताची खीर एका भुकेल्या माणसाला मिळाली. धर्मांतर का केलं याच्यावर मी पुढं पुष्कळ वाचलं, ऐकलं. पण हा फरक मला त्या रात्री चुलीपाशी कळला.

मग पंगत बसली. वाड्यातली सगळी माणसं पहिल्यांदा आपल्या जागेत, आपल्या पत्रावळीवर, ओळीनं बसली. आज्जीला मी वाटीत खीर आणून दिली आणि तिच्या तोंडाकडं बघत बसलो. पन्नास-साठ वर्षं ती गोष्टीत सांगत होती ती चीज आता तिच्या जिभेवर होती. तिनं दोन घोट घेतले.

"कशी लागली?"

"गोष्टीतली जास्ती ग्वाड व्हती," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "पर ही बसून खाल्ली."

मित्रहो, आपल्या चळवळीची यापेक्षा नेमकी व्याख्या मी अजून वाचलेली नाही.

पण इथंच गोष्ट संपवली तर मी खोटा ठरेन. त्या रात्री खीर शिजवणाऱ्या, धुरात डोळे चोळणाऱ्या बाया शेवटी जेवायला बसल्या तेव्हा पातेल्याच्या तळाची खरवड उरली होती. सुजाताची गोष्ट सांगणाऱ्या आम्हा पोरांच्या ते ध्यानातही आलं नाही. पुन्ना दासी काय जेवली, हे आम्ही विचारलंच नाही. जवळच्याच पुरंदर तालुक्यातल्या वीरगावात जन्मलेल्या बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपानं आलं, तेव्हा वाड्यातल्या बाईची भूक ही पुरुषाच्या भुकेहून वेगळी असते हे आम्हाला छापील अक्षरात वाचावं लागलं. शाहू पाटोळ्यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या आपल्या चुलींचा इतिहास मांडला. असा इतिहास नीरेच्या काठचाही मांडायला हवा. तो पुस्तकालयात मिळणार नाही. तो म्हाताऱ्यांच्या जिभेवर आहे आणि म्हाताऱ्या एकेक करून चालल्या आहेत.

आणि शेवटचं. आजही हंगामात कुठल्याही कारखान्याच्या आजूबाजूला जा. उसाच्या पाचटाच्या, प्लॅस्टिकच्या खोपी दिसतील. बीड-नगरकडून आलेला कोयता पहाटे तीनला फडात उतरतो. त्यात आपले आहेत, वंजारी आहेत, बंजारा आहेत. उचल घेऊन आलेले, फिटेपर्यंत बांधलेले. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा तेरा हजारांहून जास्त बायांची गर्भाशयं काढलेली निघाली. ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर असतो तेव्हा ते फडात असतात. शंभर किलो उसातून अकरा किलोच्या आसपास साखर निघते. त्यातली किती त्या खोपीत पोचते, हा हिशोब सहकाराच्या कुठल्याच वहीत नाही. तो आपण मांडायचा आहे.

जयंतीला डीजे लावा न लावा, तो तुमचा प्रश्न. पण एक करा. ज्यांना पंगतीत कुणी बसवलं नाही त्यांना ओळीत बसवा, आपल्या बायांना पहिल्या पंगतीला घ्या, आणि मग खीर वाढा.

गोष्टीतल्यापेक्षा ती कमी गोड लागेल. लागू द्या.

जय भीम.