तळटीप १४ : खहर

१४. खहर : जिचा छेद शून्य आहे अशी राशी. ही संज्ञा भास्कराचार्यांच्या (जन्म शके १०३६, इ. स. १११४) ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ या ग्रंथांत येते. ब्रह्मगुप्ताने (इ. स. ६२८) शून्याला शून्याने भागिले असता शून्यच येते असे म्हटले, कर्नाटकात राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या कारकिर्दीत महावीराचार्याने शून्याने भागिलेली राशी जशीच्या तशी राहते असे मानले, आणि भास्कराचार्यांनी ३/० ही राशी अनंत ठरवून तिला उत्पत्तिप्रलयांतही अविकारी राहणाऱ्या अच्युताची उपमा दिली. आधुनिक गणित मात्र अशा पदावलीस ‘अव्याख्यात’ म्हणते. कारण बाराला तिनाने भागिल्यास चार येतात याचा अर्थ चारास तिनाने गुणिल्यास बारा होतात एवढाच, आणि शून्याने गुणिल्यास तीन देईल अशी संख्याच नसल्यामुळे ३/० ला मूल्य लाभत नाही, तर ०/० च्या ठायी प्रत्येक संख्या लागू पडत असल्यामुळे कोणतेच एक मूल्य निश्चित करता येत नाही. सबब अव्याख्यात म्हणजे अज्ञात नव्हे, अनंतही नव्हे. त्या चिन्हसमूहाला अंकगणिताच्या नियमांनी अर्थच नेमून दिलेला नाही. प्रस्तुत उताऱ्यातील ‘खहर’ हा शब्द वाचकांनी भास्कराचार्यांच्या अर्थानेच घ्यावा.